आधी पोटोबा, मग अप्सरा: सिएम रीपमधील बुफे आणि ख्मेर नृत्य

कंबोडियात अंकोरवाट पाहायला गेलेला प्रवासी मुक्कामाला सिएम रीप या गावी असतो, आणि दिवसभर देवळे पाहून पाय दुखू लागले की संध्याकाळी काय करायचे, हा प्रश्न येतोच. हॉटेलच्या स्वागतकक्षापासून टुकटुकवाल्यापर्यंत सगळे त्यावर एकच उत्तर देतात: अप्सरा नृत्य आणि बुफे. मोठ्या दालनात एका बाजूला जेवणाची मांडामांड, समोर रंगमंच, मधे लांबच लांब टेबले आणि दोन्हींचे मिळून एक तिकीट, असा हा मामला असतो. गावात अशी बरीच ठिकाणे आहेत. आम्ही मध्यवस्तीतील एका मोठ्या ठिकाणी कुटुंबासह गेलो होतो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तेथे जे आवडले आणि जे खटकले, ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक ठिकाणी आढळते. माझे मत आधीच सांगून टाकते: नाच पैसे देऊन पाहण्यासारखा आहे, जेवण बरे आहे, पण ही दोन्ही सुखे एकाच वेळी घ्यायला गेले की नाचाचे नुकसान होते, आणि ते टाळणे बऱ्याच अंशी आपल्याच हातात असते.

तिकिटाला माणशी पंधरा डॉलरच्या आसपास पडले; पाणी, शहाळे, बिअर यांचे पैसे वेगळे. कंबोडियात अमेरिकी डॉलर सर्रास चालतो, सुटे मात्र रिएल या स्थानिक चलनात परत मिळतात. साधारण चार हजार रिएलचा एक डॉलर हा हिशेब डोक्यात ठेवला की गोंधळ होत नाही. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, त्यामुळे घरून निघतानाच कोऱ्या नोटा घ्याव्यात. पैशांपेक्षा जागेची काळजी अधिक घ्यावी लागते. रंगमंचालगतची टेबले सहलकंपन्यांच्या गटांसाठी राखून ठेवलेली असतात, आणि हॉटेलमार्फत आलेल्या सुट्या प्रवाशांना जे उरेल ते मिळते. टेबले रंगमंचाशी काटकोनात मांडलेली असल्यामुळे प्रत्येक टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसे खुर्ची फिरवल्याशिवाय सरळ पाहू शकत नाहीत. दुपारी स्वतः जाऊन टेबल पाहून ठरवता आले तर उत्तम; निदान खांबाच्या मागे आणि बुफेच्या वाटेवर बसायचे नाही, एवढे तरी बजावून सांगावे.

जेवण सहाच्या सुमारास सुरू होते, नाच साडेसातला. पदार्थांची संख्या पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण त्यातले निम्मे जगात कोणत्याही बुफेत असतात तेच होते: नूडल्स, तळलेला भात, बटाट्याचे काप, सँडविच, कोमट सूप. हा भाग सरळ ओलांडून ख्मेर, म्हणजे मूळ कंबोडियन, पदार्थांच्या कोपऱ्यात जावे. तेथे पहिला मान अमोकचा. गवती चहाच्या दांड्या, आल्याच्या कुळातले गलंगल, हळद, लसूण आणि जाड सालीच्या सुवासिक लिंबाची साल असे सारे कुटून केलेल्या वाटणाला ख्मेर भाषेत क्रुअंग म्हणतात. ते वाटण, नारळाचे दूध आणि गोड्या पाण्यातला मासा एकत्र करून केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवले की अमोक तयार होतो. तो चांगला जमला तर चमच्याने अलगद कापला जाईल इतपत घट्ट आणि तरीही लुसलुशीत असतो. बुफेत नेमकी येथेच अडचण येते. द्रोण सुबक होते, वर लाल मिरचीची बारीक कापलेली सळी आणि नारळाच्या दुधाची पांढरी रेघही होती, पण तापत्या पाण्यावरच्या पातेल्यात ते फार वेळ राहिल्यामुळे वरचा थर सुकला होता आणि तळाशी पाणी सुटले होते. चव अस्सल होती, पोत गेला होता. अमोकची खरी ओळख करून घ्यायची असेल तर तो दुसऱ्या दिवशी एखाद्या लहान उपाहारगृहात मागवून, समोर वाफाळता आलेला खावा.

ज्या पदार्थाने ती उणीव भरून काढली तो होता नोम बान्ह चोक. एक बाई स्वतंत्र टेबलामागे बसून तांदळाच्या ताज्या शेवयांची वेटोळी वाडग्यात ठेवत होत्या, त्यावर माशाचा हिरवट पातळ रस्सा ओतत होत्या आणि वरून बारीक चिरलेले केळफूल, काकडी, मोड आलेले मूग आणि हाताने तोडलेला पाला घालून वाडगा पुढे करत होत्या. एरवी हा सकाळच्या न्याहारीचा पदार्थ, पण समोर जुळवला जात असल्यामुळे बुफेतल्या साऱ्या भांड्यांत तो एकटा ताजा होता. केळफूल कच्चे असूनही तुरट लागत नव्हते, आणि रश्शातली हळद व गवती चहा दोन्ही जिभेवर वेगवेगळे कळत होते. आमच्या टेबलावर सर्वांनी तो पुन्हा घेतला. या साऱ्या माशांच्या मागे गावाच्या दक्षिणेला पसरलेले टोनले साप हे सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी उलटे त्यात शिरते, सरोवर कित्येक पटींनी फुगते, आणि पाणी ओसरू लागले की मासळीचा हंगाम लागतो. ख्मेर जेवणात मासा का हे त्यावरून कळते. पुढे नाचातही तो भेटतोच.

लोक लाक नावाचा परतलेल्या मांसाचा पदार्थ येथे फार प्रसिद्ध आहे, पण तो बहुधा गोमांसाचा असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे. त्याच्या जोडीला लिंबाचा रस, मीठ आणि मिरपूड यांचे कालवण मिळते. कंबोडियातल्या कांपोत प्रांतातल्या मिऱ्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते कालवण मी साध्या भातावर घेतले आणि मला ते मांसाशिवायही पुरेसे वाटले.

शाकाहारींची मात्र अशा ठिकाणी पंचाईत होते. माझ्या सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. नाळीच्या भाजीसारखी दिसणारी परतलेली पालेभाजी पाहून त्या खूश झाल्या, तर तिच्यात कालवांचे सॉस निघाले. बहुतेक भाज्यांत माशाचे खारे पाणी असते, आणि पुष्कळ रश्श्यांत प्रहोक, म्हणजे खारवून आंबवलेल्या माशांचा लगदा. ज्यांच्या घरात सुकटीचा वास खपवून घेतला जातो त्यांना प्रहोकशी जुळवून घेता येते. इतरांना ते जड जाते. वाढपी मुलगा विनयशील होता, त्याने आत जाऊन नुसत्या लसणावर परतलेली भाजी आणून दिली, पण हे आम्ही विचारले म्हणून. पाटीवर ‘भाजी’ लिहिलेले पाहून पानात वाढून घेऊ नये. सिएम रीपमध्ये भारतीय जेवण देणारी ठिकाणे आहेत. कडक पथ्य असणाऱ्यांनी तेथे जेवून केवळ नाचाच्या तिकिटाची चौकशी करावी. काही ठिकाणी तशी सोय मिळते.

गोडाचे टेबल मात्र सर्वांचे. लाल भोपळ्याच्या पोटात अंडे आणि नारळाच्या दुधाचे मिश्रण भरून वाफवलेल्या फोडी, चिकट तांदळाचे केळीच्या पानातले मुटके, आणि ताडगुळाच्या पाकातले साबुदाण्याचे पदार्थ. या देशात ताड भाताच्या खाचरांच्या बांधाबांधावर दिसतो, आणि त्याचा गूळ येथे फार हलक्या हाताने वापरतात, त्यामुळे काहीच जीवघेणे गोड लागत नाही.

साडेसातला दिवे मंद झाले. रंगमंचाच्या डाव्या कडेला पिनपीट वाद्यवृंदाची मंडळी जमिनीवर बसली होती. होडीच्या आकाराच्या पेटीवर लाकडी पट्ट्या असलेले रोनिअत, वादकाभोवती गोल मांडलेल्या पितळी घंटांचे कोंग, सनईच्या जातीचे स्रालाय, आडवा दुतोंडी ढोल साम्फोर आणि लयीचा धागा धरून ठेवणारी छिंग ही छोटी झांज. अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रित संगीतावर नाच होतो. आम्ही निवडलेल्या ठिकाणी वादक प्रत्यक्ष होते, आणि तिकीट घेताना विचारायचा एकच प्रश्न असेल तर तो हाच असावा, कारण नर्तकी आणि साम्फोरवाला यांचे एकमेकांकडे असलेले लक्ष पाहणे हा अर्धा आनंद आहे.

येथे थोडे मागे जायला हवे, कारण समोर जे चालते त्याचे मोल त्याशिवाय कळत नाही. अंकोरच्या परिसरातील ता प्रोह्म मंदिराच्या ११८६ च्या शिलालेखात त्या एका देवळाच्या सेवेतल्या ६१५ नर्तकींचा उल्लेख आहे. अंकोरवाटच्या पूर्वेकडील ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ पन्नास मीटर लांबीचा शिल्पपट आहे आणि त्यात मंथनातून वर उठणाऱ्या अप्सरा आहेत. त्यामुळे रात्री रंगमंचावर दिसणारा अप्सरा नाच थेट बाराव्या शतकातून चालत आला आहे, असे सहज वाटते आणि निवेदकही तसे सुचवतात. प्रत्यक्षात आज जे अप्सरा नृत्य म्हणून दाखवतात ते विसाव्या शतकाच्या मध्यास राणी सिसोवाथ कोसामक यांनी, या शिल्पांवरून स्फूर्ती घेऊन, राजवाड्यातल्या जुन्या नृत्यपरंपरेच्या आधारे बसवले. त्यांची नात, राजकन्या नरोदम बुप्फा देवी, ही त्यातली पहिली नामांकित मुख्य अप्सरा. नृत्य नवे म्हणून खोटे ठरत नाही. परंपरा राजवाड्याची आहे आणि ती जुनीच आहे. पण खरी हकिकत या कहाणीहून अधिक रोचक असताना ती का सांगत नाहीत, हे मला कळले नाही.

आणि ही परंपरा तुटण्याच्या बेतात आली होती. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत दरबारी नृत्याच्या बहुतेक गुरू, नर्तकी आणि वादक मारले गेले किंवा उपासमारीने व रोगाने मेले. जे थोडे वाचले त्यांत चिया सामी या वृद्ध गुरू होत्या. त्या लहानपणीच राजवाड्यात नाच शिकायला दाखल झाल्या होत्या, आणि दैवदुर्विलास असा की या राजवटीचा म्होरक्या पोल पोट हा नात्याने त्यांचा धाकटा दीर. राजवट कोसळल्यावर त्यांनी आणि उरलेल्या मोजक्या कलावंतांनी राजधानी नॉम पेन्ह येथे मुलींना पुन्हा शिकवायला सुरुवात केली. पुस्तक नाही, चित्रफिती जवळजवळ नाहीत, शरीराला जे आठवत होते तेवढेच. युनेस्कोने २००३ साली या नृत्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला आणि २००८ मध्ये ते प्रातिनिधिक यादीत आले. बुफेच्या तिकिटाबरोबर मिळणाऱ्या रंगीत पत्रकावर यातले एक अक्षरही नव्हते. बिअरची जाहिरात होती.

कार्यक्रम तासाभराचा होता. सुरुवातीला आशीर्वादाचे नृत्य, ज्यात नर्तकी हातातल्या चांदीच्या वाडग्यांतून फुलांच्या पाकळ्या उधळतात. मग लोकनृत्ये. नारळाच्या करवंट्यांचा नाच स्वाय रिएंग प्रांताकडचा, लग्नसमारंभात होणारा. मुले-मुली समोरासमोर येऊन करवंट्या एकमेकांवर आपटतात, पाठीमागून, पायाखालून, आणि ठेका जसा चढत जातो तसे प्रेक्षकही टेबलावर ताल धरतात. मासेमारीचा नाच १९६०च्या दशकात रचला गेला. मुलांच्या हातात निमुळते सापळे, मुलींच्या हातात उथळ टोपल्या, आणि मासे पकडता पकडता एक जोडी मागे रेंगाळते, रुसते, सापळा हिसकावते. ही नृत्ये हसरी आणि वेगवान आहेत, कथा नजरेत भरते, आणि खरे सांगायचे तर कोणी मध्येच ताट घेऊन उठले तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. बुफेसोबत पाहायला ती योग्यच आहेत.

त्यानंतरच्या प्रवेशाला आमच्या टेबलावर चर्चा पेटली. रामायणाची ख्मेर आवृत्ती म्हणजे रीमकेर, आणि त्यातला हा प्रसंग आपल्याला अपरिचित आहे. लंकेकडे सेतू बांधताना टाकलेले दगड रोज नाहीसे होऊ लागतात. शोध घेता कळते की रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुवण्णमच्छा, आपल्या माशांकरवी ते काढून नेते. हनुमान तिला अडवायला समुद्रात उतरतो आणि तिच्या प्रेमात पडतो. “अहो, मारुती तर ब्रह्मचारी!” असे सासूबाई चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, आणि पलीकडच्या टेबलावरचे तमिळ कुटुंबही हसले. आपल्याकडे मकरध्वजाची कथा सांगताना घामाचा थेंब आणून जी अडचण सोडवली आहे, ती ख्मेर कवींना अडचणच वाटली नाही. माकडाची भूमिका करणारा तरुण अप्रतिम होता. खाजवणे, टुणकन उडी मारून मान तिरकी करणे, मधेच लाजणे हे सारे तो ढोलाच्या एकेका ठोक्यावर करत होता. एरवी दरबारी परंपरेत राजपुत्र आणि राक्षससुद्धा स्त्रियाच साकारत. पुरुषांना माकडांच्या भूमिका अलीकडच्या काळात मिळाल्या. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या रंगभूमीच्या बरोबर उलट प्रकार. आमच्या समोरचा राजपुत्रही मुलगीच होती, आणि तिच्या चालीतली ऐट इतकी निःशंक होती की माझ्या मुलीला ते अखेरपर्यंत पटले नाही.

शेवटी अप्सरा. पांढऱ्या वेषातली मुख्य नर्तकी मध्यभागी, सोनेरी मुकुटावरून कानाच्या बाजूला चाफ्याची लोंबती माळ, आणि भोवती रंगीत वेषांतल्या चौघीजणी. हे कपडे नुसते अंगात घालून भागत नाही. दरबारी नृत्याचा वेष नर्तकीच्या अंगावरच सुईदोऱ्याने शिवून बसवावा लागतो. आम्ही पुढून दुसऱ्या टेबलावर असल्यामुळे तिचे हात नीट दिसत होते. बोटे मागे वळत वळत जवळजवळ मनगटाकडे झुकत, आणि अंगठा-तर्जनी जुळून पुन्हा उमलत. या हस्तमुद्रांतून पान, फूल, फळ असा वनस्पतीचा क्रम उलगडतो. एका पायावर तोल सांभाळून दुसरा पाय मागे, तळवा आकाशाकडे, म्हणजे ती उडते आहे. ही अवस्था तिने इतका वेळ धरली की तिच्या उभ्या पायाच्या घोट्यात हलकी थरथर दिसू लागली, आणि चेहऱ्यावरचे स्मित तसेच होते.

नेमक्या याच वेळी आमच्या मागे गोडाच्या टेबलावर चिमट्यांचा खणखणाट चालू होता. एका गटाचा प्रमुख बस सुटणार म्हणून माणसे मोजत होता, वाढपी रिकाम्या बशा एकावर एक रचत होते, आणि पुढच्या रांगेतले तिघे-चौघे मोबाइल उंच धरून उभे राहिले होते. लोकनृत्याला जी गडबड सहज सोसली, तीच अप्सरा नृत्याला सोसत नाही, कारण त्याचे सारे सौंदर्य संथपणात आहे. तेथे एका बोटाची हालचाल ही घटना असते, आणि ती चुकली की प्रेक्षकाला वाटते, काही घडतच नाही. म्हणूनच बाहेर पडणाऱ्या कित्येकांच्या तोंडी ‘नारळाचा नाच छान, शेवटचा जरा लांबला’ असे शब्द होते. मोबाइल वाजला म्हणून प्रयोग थांबवणारे नट पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे फार टोचते. दोष प्रेक्षकांचा आहे, पण त्याहून अधिक व्यवस्थेचा. शेवटची वीस मिनिटे बुफे बंद ठेवून बशा उचलणे थांबवले, तरी प्रयोगाचा दर्जा कितीतरी उंचावेल, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होणार नाही. मी व्यवस्थापकांना तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि सहलींच्या बसच्या वेळांकडे बोट दाखवले.

नाच संपला की नर्तकी रंगमंचावरच थांबतात आणि प्रेक्षक वर जाऊन छायाचित्रे काढून घेतात. रांग नसते, रेटारेटी असते. कोणी खांद्यावर हात टाकतो, कोणी मुद्रेची नक्कल करतो, आणि तासभर त्या अवजड वेषात नाचलेल्या मुली हसत उभ्या राहतात. आम्ही वर गेलो नाही. कडेला बक्षिसाची पेटी होती, तीत पैसे टाकले. वादकांसाठी वेगळी पेटी नव्हती, याचे वाईट वाटले.

जाणाऱ्यांनी माझ्या मते असे करावे. सहाला दार उघडताच पोहोचावे, सव्वासातपर्यंत गोडासकट जेवण उरकावे आणि दिवे मंद झाल्यावर टेबलावर फक्त पाणी ठेवावे. त्याच दिवशी सकाळी अंकोरवाटच्या भिंतींवरच्या देवता निवांत पाहिल्या असतील तर रात्री मुकुट, मेखला, हातांची वळणे ओळखीची वाटतात; हा क्रम उलटा करू नये. मुले बरोबर असतील तर बुफेवाला प्रयोगच बरा, कारण त्यांना उठबस करता येते आणि माकड त्यांना जिंकून घेते. ज्यांना खाण्यापिण्याच्या आवाजाशिवाय नृत्य पाहायचे आहे आणि जे नॉम पेन्हलाही जाणार आहेत, त्यांनी तेथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात कंबोडियन लिव्हिंग आर्ट्स ही संस्था सादर करत आलेल्या प्रयोगांची चौकशी करावी. सिएम रीपमध्येच आणखी एक संध्याकाळ हाताशी असेल तर फारे ही सर्कस पाहावी. तिच्यात प्राणी नाहीत आणि शास्त्रीय नृत्यही नाही, पण बातांबांग या शहरात १९९४ साली सुरू झालेल्या कलाशाळेतून तयार झालेली मुले कसरतींतून आजच्या कंबोडियाच्या गोष्टी सांगतात. तिचे तिकीट वेगळे काढावे, जेवण आधी बाहेर करावे आणि जागा मधल्या भागातली घ्यावी.